दातांवरचे डाग आणि आमची चूक

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली. दर सोमवारी आमच्या वर्गात स्वच्छतेची तपासणी असते. नखे, केस, रुमाल आणि शेवटी दात. दुसरीच्या वर्गातील एका मुलीने भीतभीत तोंड उघडले. वरच्या दोन नव्या दातांवर पिवळट-तपकिरी डाग होते आणि खालच्या एका दाढेचा टवका उडालेला होता. सात वर्षांची पोर. आम्ही सर्वांसमोर म्हणालो, "ब्रश कधी करतेस का? का नुसत्या गोळ्या-चॉकलेटच खातेस?" वर्ग हसला. मुलीने तोंडावर हात ठेवला आणि तो हात पुढे कित्येक दिवस तिथेच राहिला. वाचनाच्या तासाला ती उभी राहायची, पण ओठ उघडायची नाही.

पंधरा दिवसांनी तिची अम्मी शाळेत आली. आवाज चढवला नाही, तक्रार केली नाही. एवढेच म्हणाली, "टीचर, पहिला दात आला तेव्हापासून मी तिचे दात साफ करते. ही दाढ तर उगवली तीच अशी. तुम्ही बोललात त्या दिवशी घरी येऊन रडली. डाग जावेत म्हणून आम्ही कोळसा लावला, मीठ लावले, लिंबू घासले. आता तिला थंड पाणीसुद्धा पिता येत नाही."

आम्ही बी.एड. झालेले, वीस वर्षे मुलांना शिकवणारे. पण दाढ 'उगवतानाच खराब' असू शकते हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून या विषयावर आम्ही जे वाचले, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत. कारण अशी मुले आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत आणि अशा माताही, ज्यांना सासरी-माहेरी, शाळेत आणि दवाखान्यातही न केलेल्या चुकीसाठी बोल ऐकावे लागतात.

डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक आले तेव्हा आम्ही त्या मुलीला मुद्दाम पुढे केले. पथकाने चिठ्ठी दिली आणि आम्ही माय-लेकींबरोबर सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात गेलो. आम्हाला वाटले होते, डॉक्टर आधी गोडाधोडाबद्दल विचारतील. त्यांनी दात पाहिले आणि अम्मीला विचारले, "बाळंतपण पूर्ण दिवसांचे होते का? जन्माच्या वेळी वजन किती होते? पहिल्या तीन वर्षांत मुलगी मोठी आजारी पडली होती का?"

अम्मी आठवून सांगू लागली. आठव्या महिन्यातच बाळंतपण झाले. बाळ काही दिवस काचेच्या पेटीत होते. वर्षाची झाल्यावर न्यूमोनिया झाला, ताप उतरता उतरत नव्हता. डॉक्टरांनी मान हलवली. "यातले नेमके कोणते कारण, हे कोणीही छातीठोक सांगू शकणार नाही. पण एक गोष्ट नक्की आहे. हे डाग घाणीचे नाहीत. हा दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच त्याचे कवच कच्चे राहिले आहे."

अम्मीच्या डोळ्यांत पाणी आले. सात वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिला सांगत होते की, तू निष्काळजी नव्हतीस.

एनॅमल म्हणजे काय?

दाताचा जो पांढरा, चकचकीत भाग आपल्याला दिसतो ते दाताचे कवच. त्याला एनॅमल म्हणतात. माणसाच्या शरीरातील हा सर्वांत टणक पदार्थ, हाडाहूनही टणक. वजनाच्या हिशेबाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो आणि ते खनिज मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे बनलेले असते.

हे कवच काही विशिष्ट पेशी तयार करतात. त्या आधी एक मऊ साचा घालतात, मग त्यात खनिज भरतात आणि साच्यातील पाणी व प्रथिने काढून घेत कवच पक्के करतात. काम संपले, दात हिरडीबाहेर आला की त्या पेशी नष्ट होतात. म्हणून एनॅमलचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवले पाहिजे. हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरून येते. पण एनॅमल एकदाच बनते. तांब्याच्या भांड्याची कल्हई उडाली तर कल्हईवाल्याला हाक मारून ती पुन्हा लावून घेता येते. दाताला ही सोय नाही.

या पेशी नाजूक असतात. त्यांचे काम चालू असताना शरीरावर मोठे संकट आले तर काम अर्धवट राहते. साचा घालतानाच अडथळा आला तर कवच पातळ राहते, त्यावर खळगे किंवा चरे दिसतात. खनिज भरताना अडथळा आला तर कवच जाडीने पुरेसे असते, पण आतून खडूसारखे भुसभुशीत. त्यावर पांढरे, पिवळे किंवा तपकिरी डाग दिसतात. आमच्या विद्यार्थिनीचे दात या दुसऱ्या प्रकारचे होते.

कोणता दात केव्हा घडतो?

सारी गोष्ट या वेळापत्रकात आहे, म्हणून ते थोडे सविस्तर देतो.

दुधाच्या दातांची सुरुवात आईच्या पोटातच, गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना होते. चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यांच्यात खनिज भरू लागते. बाळ जन्मते तेव्हा त्याच्या हिरड्यांत विसाही दुधाचे दात कमी-अधिक तयार होत असतात. बाळ वर्षाचे होईपर्यंत त्यांचे कवच जवळपास पूर्ण होते.

कायमच्या दातांपैकी पहिली दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. ती दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता उगवते. त्यामुळे पुष्कळ घरांत ती दुधाचीच समजली जाते. पण तिचे कवच बनायला सुरुवात होते जन्माच्या सुमारास आणि ते पुरे होते तिसऱ्या वर्षापर्यंत. पुढच्या कायमच्या दातांचे काम जन्मानंतर तीन-चार महिन्यांनी सुरू होऊन चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत चालते. वरच्या बाजूच्या दोन दातांचे त्याहून थोडे उशिरा सुरू होते.

म्हणजे सातव्या वर्षी दिसणारा डाग हा बहुधा पहिल्या तीन वर्षांतील घटनेचा असतो. आपण कारण शोधतो कालच्या चॉकलेटमध्ये आणि खरी गोष्ट घडलेली असते पाळण्यात.

झाडाच्या बुंध्यावर वर्षांची कडी दिसतात, तशा एनॅमलवरही वाढीच्या रेषा असतात. जन्माचा क्षणसुद्धा त्यात नोंदवला जातो. पोटातून बाहेर येताना बाळाच्या शरीरावर जो ताण पडतो, त्याची एक बारीक रेषा दुधाच्या दातांत आणि बहुधा पहिल्या कायमच्या दाढेत उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते.

इनामगावची बाळे

ही नोंद किती टिकाऊ असते याचा एक पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी या विद्वानांनी तेथे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती सापडली. तिथे लहान मूल दगावले तर त्याला मातीच्या दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत असत.

पुढे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाक्स या अभ्यासकांनी त्या बाळांचे दात तपासले. दुधाच्या सुळ्यांवर कवचाचे खळगे आढळले. त्यांनी त्यांचा संबंध त्या काळातील हवामान आणि अन्नाच्या बदलांशी जोडून पाहिला. तीन हजार वर्षांपूर्वी एखाद्या आईच्या ताटात काय कमी पडले, याची खूण तिच्या बाळाच्या दाताने जपून ठेवली आणि ती आज वाचता आली. त्या आईलाही शेजारणींनी दोष दिला असेल का, असा विचार मनात येऊन जातो.

गर्भारपणात काय घडते?

आता कारणांकडे वळू. एक गोष्ट आधी सांगतो. अशा दातांचे बहुतेक वेळा एकच एक कारण नसते. दोन-तीन गोष्टी एकत्र येतात आणि काही मुलांत आनुवंशिकतेचाही वाटा असतो. तरीही ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत त्या कळल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट आईचे पोषण. पोटातल्या बाळाचे दात आईच्या रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस आणि 'ड' जीवनसत्त्वावर घडतात. सरकारी दवाखान्यात गर्भवतीला लोहाबरोबर कॅल्शियमच्या गोळ्या मोफत मिळतात. चौथ्या महिन्यापासून त्या सुरू होतात, म्हणजे बाळाच्या दातांत खनिज भरू लागते त्याच सुमारास. पण किती घरांत या गोळ्या फळीवर तशाच पडून राहतात! "गोळ्यांनी बाळ मोठे होते, बाळंतपण अवघड जाते" हा समज आमच्या वस्तीतही आहे. तो खोटा आहे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र एकाच वेळी घेऊ नयेत. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर लोह नीट लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट 'ड' जीवनसत्त्व. ते मुख्यतः उन्हाने कातडीत तयार होते. डेन्मार्कमध्ये गर्भवतींच्या दोन गटांना 'ड' जीवनसत्त्वाचे वेगवेगळे प्रमाण देऊन त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर दात तपासण्यात आले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जास्त प्रमाण मिळालेल्या मातांच्या मुलांत कायमच्या दातांचे कवच-दोष सुमारे निम्म्याने कमी होते. आपल्या देशात ऊन भरपूर आहे, तरीही या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. आपल्या भगिनींपैकी अनेकींचा दिवस घरात जातो आणि बाहेर निघाल्या तर अंग झाकलेले असते. यावर उपाय अवघड नाही. घराच्या गच्चीवर, अंगणात, परसात, जिथे आडोसा आहे तिथे हात-पाय-चेहऱ्यावर ऊन घेता येते. डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घेता येते. मात्र गोळ्या किंवा पुड्या आपल्या मनाने घेऊ नयेत. जास्त झालेले 'ड' जीवनसत्त्वही अपाय करते.

तिसरी गोष्ट बोलायला जड जाते, पण बोलली पाहिजे. ती म्हणजे मशेरी. आपल्या कित्येक घरांत दादी-नानी सकाळी दातांना मशेरी लावतात, सुनाही लावतात आणि गर्भारपणात मळमळते म्हणून जरा जास्तच लावतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. मुंबईत १,२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास झाला आणि तो २००४ साली प्रसिद्ध झाला. धूर न होणारी तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही जास्त आढळले. त्यांतील बहुतेक स्त्रियांची तंबाखू मशेरीच होती. दात स्वच्छ व्हावेत म्हणून आई जी वस्तू लावते, तीच बाळाच्या दातांचा पाया कच्चा करण्याला हातभार लावते.

जन्माची वेळ

अपुऱ्या दिवसांच्या आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांत दुधाच्या दातांचे कवच-दोष जास्त आढळतात. याचे कारण समजण्यासारखे आहे. आईकडून बाळाला कॅल्शियमचा मोठा पुरवठा शेवटच्या तीन महिन्यांत होतो. बाळ लवकर बाहेर आले की तो पुरवठा तुटतो. शिवाय अशा बाळांना श्वासाचा त्रास होतो, जंतुसंसर्ग होतो, दूध पचत नाही. श्वासासाठी तोंडातून नळी घालावी लागली तर वरच्या हिरडीवर दाब पडून आतील दातांना इजा होऊ शकते. पण ती नळी बाळाचा जीव वाचवण्यासाठी असते. दातावर डाग आला म्हणून त्या डॉक्टरांना किंवा आईला दोष देणे म्हणजे पुरातून वाचलेल्याने ओल्या कपड्यांची तक्रार करण्यासारखे आहे.

असे बाळ घरात असेल तर एवढेच करावे. पहिला दात येताच तो डॉक्टरांना दाखवावा आणि बाळ कमी दिवसांचे होते हे त्यांना आठवणीने सांगावे.

पहिली तीन वर्षे

कायमच्या पहिल्या दाढा आणि पुढचे दात यांच्या कच्च्या कवचाला २००१ साली युरोपातील तज्ज्ञांनी एक स्वतंत्र नाव दिले. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा आहे: दाढ आणि पुढच्या दातांमधील खनिजाची कमतरता. हॉलंडमध्ये लोक अशा दाढांना 'चीज दाढा' म्हणतात, कारण त्या चीजसारख्या पिवळट आणि ठिसूळ दिसतात. जगभरातील पाहण्यांची बेरीज केली तर शंभर मुलांत तेरा-चौदा मुलांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास असतो. म्हणजे आमच्या चाळीस मुलांच्या वर्गात पाच-सहा मुले. वीस वर्षांत अशी किती मुले आमच्यासमोर तोंड उघडून उभी राहिली असतील आणि आम्ही त्यांना काय बोललो असू!

या त्रासाचा संबंध पहिल्या तीन वर्षांतील आजारांशी सर्वांत जास्त आढळतो. वारंवार येणारा मोठा ताप, न्यूमोनिया, दमा, कानाचे दुखणे. काही अभ्यासांत प्रतिजैविक औषधांचाही संबंध दिसला. पण औषध दिले जाते ते तापासाठीच. म्हणून दोष तापाचा की औषधाचा, हे वेगळे काढणे कठीण असते. यातून कोणी असा अर्थ काढू नये की मुलाला न्यूमोनिया झाला तरी औषध द्यायचे नाही. जीव आधी, दात नंतर. अर्थ एवढाच की साध्या सर्दीसाठी मेडिकल दुकानातून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणून पाजू नये. टेट्रासायक्लिन या जुन्या औषधाबद्दल मात्र खात्रीने सांगता येते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात आईला किंवा आठ वर्षांखालील मुलाला ते दिले तर दात कायमचे पिवळे-करडे होऊ शकतात. म्हणून डॉक्टर अशा वेळी ते टाळतात.

लसी वेळेवर देणे, सहा महिने फक्त आईचे दूध आणि नंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षांपर्यंत अंगावरचे दूध, घरात विडी-सिगारेटचा आणि चुलीचा धूर नसणे, या गोष्टी मुलाला मोठ्या आजारांपासून वाचवतात. त्याच त्याच्या दातांनाही वाचवतात.

आणखी एक कारण आपण सहज विसरतो. "दुधाचा दात आहे, पडणारच आहे" म्हणून किडलेल्या दाढेकडे दुर्लक्ष होते. मुळाशी पू होतो. त्याच्या खालीच कायमचा दात घडत असतो. त्या पुवाने किंवा पडल्या-झडल्याच्या मारानेही खालच्या दाताचे कवच बिघडू शकते.

पाण्याचा प्रश्न

महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर असते. एक लिटर पाण्यात दीड मिलीग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असू नये, अशी मर्यादा आहे. दात घडत असण्याच्या वयात, म्हणजे पहिल्या आठ वर्षांत, मुलाने असे पाणी पीत राहिले तर दातांवर पांढरे पट्टे, ठिपके आणि पुढे तपकिरी डाग येतात. भारतात हा विकार पहिल्यांदा १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात नोंदवला गेला.

ओळखण्याची एक खूण अशी: पाण्यामुळे असेल तर बहुतेक सर्व दातांवर, दोन्ही बाजूंना सारखे पट्टे दिसतात आणि गावातल्या इतर मुलांचेही दात तसेच असतात. डाग मोजक्याच दाढांवर आणि पुढच्या एक-दोन दातांवर असतील तर कारण वेगळे असण्याची शक्यता जास्त. नेमके निदान अर्थातच डॉक्टर करतील.

येथे एक चूक हमखास होते. "पाणी उकळून देतो" असे पालक सांगतात. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. अशा गावात पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि लहान मुलांच्या पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी सुरक्षित स्रोताचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी वापरावे.

मग आता करायचे काय?

कच्चे कवच पुन्हा बनवता येत नाही, पण दात वाचवता येतो. वेळेवर ओळखणे महत्त्वाचे. त्यासाठी काही गोष्टी:

वाढदिवसाच्या आत पहिली भेट. पहिला दात आल्यावर, उशिरात उशिरा बाळ वर्षाचे होईपर्यंत, दात डॉक्टरांना दाखवावेत.

दोन वर्षांच्या सुमारास येणारी दुधाची शेवटची दाढ नीट पाहावी. तिच्यावर पिवळे-तपकिरी, खडूसारखे डाग असतील तर पुढे येणाऱ्या कायमच्या दाढेतही तसे होण्याची शक्यता वाढते. ही आगाऊ सूचना समजावी.

सहाव्या वर्षी आरसा घेऊन मागची दाढ शोधावी. ती अर्धी बाहेर आली असतानाच डॉक्टरांकडे न्यावे. फ्लोराइडचा लेप, दाढेच्या खाचा बुजवणे, फार ठिसूळ असेल तर स्टीलची टोपी बसवणे असे उपाय आहेत. फारच वाया गेलेली दाढ काही मुलांत योग्य वयात काढतात, म्हणजे मागची दाढ पुढे सरकून तिची जागा घेते. हा निर्णय डॉक्टरांचा.

थंड पाणी झोंबते, ब्रश लागताच मूल मागे सरते, एकाच बाजूने चावते, ही नाटके नसतात. कच्च्या कवचातून झिणझिण्या थेट आत पोचतात. अशा दाढेवर भूल देण्याचे इंजेक्शनही कधी कधी पुरेसे लागू पडत नाही. मूल दवाखान्यात फार रडले तर "भित्रा आहे" म्हणू नये, "अजून दुखते आहे" असे डॉक्टरांना सांगावे.

कोळसा, विटेची भुकटी, राख, मीठ, लिंबू, सोडा, खरखरीत लाल मंजन यांतील काहीही अशा दातांना लावू नये. डाग आतला आहे, घासून जाणार नाही. घासून जाईल ते उरलेसुरले कवच. मऊ ब्रश वापरावा. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे, आणि पेस्ट थुंकायला शिकवावे. फ्लोराइडच्या पाण्याच्या गावात मात्र पेस्ट डॉक्टरांना विचारून घ्यावी. मिस्वाकची सवय मुलाला जरूर लावावी, पण काडीचे टोक भिजवून, चावून अगदी मऊ करून आणि हलक्या हाताने. दुखऱ्या दाढेवर ती रगडू नये.

गोड पदार्थ हे मूळ कारण नसले तरी कच्च्या दाताचे ते शत्रूच आहेत. बाटलीत साखरेचे दूध घालून झोपवणे, चहात बिस्किट, रडल्यावर चॉकलेट, हे बंद करावे. रमजानमध्ये मुले इफ्तारचे सरबत आणि खजूर आनंदाने खातात, खावेतच. त्यानंतर पाण्याने चूळ भरावी आणि झोपण्यापूर्वी ब्रश करून मगच अंथरुणावर जावे. सहरीला उठणारी मुलेही खाऊन झाल्यावर दात साफ करून घेऊ शकतात.

दोष कोणाला द्यायचा?

रुग्णालयातून परतताना त्या मुलीची दादी भेटली. ती म्हणाली, "हमारे घर में किसी के दांत ऐसे नईं." म्हणजे बोट पुन्हा सुनेकडेच. आम्ही त्यांना शांतपणे समजावले की आठव्या महिन्यात बाळंत होणे सुनेने ठरवले नव्हते. न्यूमोनिया तिने बोलावला नव्हता. उलट त्या आजारातून मुलगी वाचली ती अम्मीने बारा रात्री उशाशी बसून काढल्या म्हणून. दातावरचा डाग ही त्या लढाईची खूण आहे. दादी बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी नातीला जवळ घेतले. चार दिवसांनी कळले की घरातली मशेरीची डबी त्यांनी स्वतःच उचलून टाकली, कारण धाकट्या सुनेला पाचवा महिना चालू आहे.

आता आमच्या चुकीबद्दल. पुढच्या सोमवारी वर्गात आम्ही सर्व मुलांसमोर त्या मुलीची माफी मागितली. ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच माफी मागायला हवी होती. मग फळ्यावर दाताचे चित्र काढून सांगितले की काही दात जन्मापासून कमजोर असतात आणि त्यांना जास्त सांभाळायचे असते. एका मुलाने विचारले, "टीचर, मग तिला दुखते का?" मुलीने पहिल्यांदाच मान वर करून उत्तर दिले, "थंड पाण्याने दुखते." दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावरची मैत्रीण घरून साधे पाणी भरून दोन बाटल्या घेऊन आली.

दातांची तपासणी आम्ही अजूनही घेतो, पण रांगेत नाही. एकेकाला जवळ बोलावून पाहतो. डाग दिसला तर वहीत नोंद करतो, पालकांना चिठ्ठी देतो आणि आरोग्य पथक आले की ती यादी पुढे ठेवतो. गेल्या वर्षभरात अशी चार मुले सापडली. तिघांची दाढ वेळेवर वाचली.

शिक्षक बंधू-भगिनींना आणि वडीलधाऱ्यांना आमची एवढीच विनंती आहे. एखाद्या मुलाच्या दातावर डाग दिसला तर आधी विचारा, मग बोला. आणि घरात कोणी गर्भवती असेल तर तिच्या ताटात काय आहे, तिच्या गोळ्या वेळेवर जातात का, तिला विसावा मिळतो का, हे आजच पाहा. सात वर्षांनंतर हसणाऱ्या त्या बाळाचे दात या क्षणी घडत आहेत.

आमची विद्यार्थिनी आता तिसरीत आहे. तिच्या दोन दाढांवर स्टीलच्या टोप्या आहेत आणि त्या ती मैत्रिणींना तोंड उघडून दाखवते. पुढच्या दातांवरचे डाग अजून आहेत, मोठी झाल्यावर त्यांवर उपाय करता येईल असे डॉक्टर म्हणतात. मागच्या आठवड्यात वाचनाच्या तासाला तिने पूर्ण धडा मोठ्याने वाचला. हात तोंडावर नव्हता. पुस्तकावर होता.